बावीस मजले की चौदा: कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाचं प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या कोथरूड परिसरातलं आहे. ओळख पटू नये म्हणून सोसायटीचं नाव, गल्ली आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत आणि सोसायटीचे आकडे गोल केले आहेत. कायद्याचे आणि नियमांचे आकडे आहेत तसेच दिले आहेत. आम्ही या कामात सोसायटीने नेमलेले प्रकल्प सल्लागार होतो. त्यामुळे सभा, निविदा, करारनामा आणि ताबा हे सगळे टप्पे जवळून पाहता आले.

पार्श्वभूमी

पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. त्यानंतर पुणं पेठांच्या बाहेर जोरात पसरलं. ऐंशीच्या दशकापर्यंत कोथरूडच्या माळावर तीन-चार मजली सोसायट्यांच्या ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. ही सोसायटी त्यांतलीच. साधारण २४ गुंठ्यांचा भूखंड, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या दोन इमारती, ३२ सदनिका, प्रत्येकी सुमारे ६२५ चौरस फूट कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र. बँकेतले कारकून, एसटीतले कर्मचारी, शिक्षक अशांनी कर्ज काढून घेतलेली घरं. लिफ्ट नाही, कारण तेव्हा कोणी सत्तरीचं नव्हतं.

आता बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढे गेले होते. बत्तीसपैकी एकोणीस घरांत मूळ कुटुंबं राहत होती. बाकीची घरं भाड्याने दिलेली किंवा बंद, मालक बंगळुरात, दुबईत, न्यू जर्सीत. पुढे जो वाद झाला तो या दोन गटांत झाला, म्हणून हा तपशील महत्त्वाचा आहे.

शहर आडवं तर वाढत होतंच. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. पण कोथरूडसारख्या भरलेल्या उपनगरात वाढ उभीच होऊ शकते. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि या उभ्या वाढीचं गणित सोपं झालं. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. गावठाणाबाहेरच्या भूखंडाला मूळ एफएसआय १.१, त्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय, त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडच्या जागेचा विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क, आणि या सगळ्याच्या वर निवासी इमारतीसाठी जिने, लॉबी, बाल्कनी अशा भागांकरता ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय. यातलं किती मिळणार हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम आणि टीडीआर दोन्ही नाहीत. अनुषंगिक सोडून ९ मीटरला एकूण २.०, १२ मीटरला २.२५, आणि रस्ता रुंद होत जाईल तसा आकडा वाढतो. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो सुरू झाली आणि स्थानकाभोवतीच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात आणखी जास्त एफएसआयची चर्चा प्रत्येक सोसायटीच्या पायऱ्यांवर होऊ लागली.

अडचण

सुरुवात गळतीने झाली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा करूनही तिसऱ्या मजल्यावर ओल येत होती. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी व्हायला हवं. इथे ते पहिल्यांदाच झालं. अहवाल भीतिदायक नव्हता. काही खांबांत सळया गंजल्या होत्या, बाल्कनीचे स्लॅब कमकुवत झाले होते, पण दुरुस्ती शक्य होती. इमारत उद्या पडणार नाही, असं आम्ही सभेत स्पष्ट सांगितलं. पुनर्विकासाच्या अनेक सभा भीतीवर चालतात. घाबरलेला माणूस मिळेल त्या कागदावर सही करतो, म्हणून हे सांगणं आम्हाला गरजेचं वाटलं.

खरी निकड लिफ्टची होती. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त मुख्याध्यापक गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने खाली उतरले नव्हते. दुरुस्तीचा खर्च सभासदांनी कसाबसा उभा केला असता, पण जुन्या जिन्याला बाहेरून लिफ्ट लावायची तर एका बाजूची मोकळी जागा जाते आणि लिफ्ट मधल्या अर्ध्या मजल्यावर थांबते.

दुसरी अडचण कागदांची. जमीन अजूनही मूळ जागामालकाच्या नावावर होती. बिल्डरने सोसायटी स्थापन करून दिली, पण अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, ते केलं नाही. पुण्यात हे इतकं सर्रास आहे की सभासदांना ते लक्षातही येत नाही. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर वाढीव एफएसआयवरचा हक्क सांगायचा कशाच्या आधारावर?

पहिला निर्णय: आधी जमीन, मग बिल्डर

एका बिल्डरने सुचवलं होतं, "कन्व्हेयन्सचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त संमतीपत्रं द्या." अध्यक्षांना ते पटत होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सरकारी कार्यालयाच्या फेऱ्या नको वाटणं साहजिक आहे. सचिव मात्र चाळिशीतल्या, एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करणाऱ्या. त्या म्हणाल्या, "काका, जमीन त्यांनी मिळवून दिली तर दर ठरवताना आपण कुठल्या तोंडाने बोलणार?"

सोसायटीने १९६३ च्या मोफा, म्हणजे राज्याच्या सदनिका मालकी कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर व्हावी असा अर्ज केला. खरेदीखतं, मंजूर नकाशा, सात-बारा, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी असं सगळं गोळा करण्यातच बराच काळ गेला. आदेश, नोंदणी आणि मिळकत पत्रिकेवर नाव लागेपर्यंत एक वर्ष सरलं. त्या वर्षात बाजारातले दर वाढले आणि सोसायटी बिल्डरांसमोर जमिनीची मालक म्हणून बसली. संपूर्ण प्रकरणात कशाचा फायदा सर्वात जास्त झाला असं विचारलं तर आमचं उत्तर हे वर्ष असंच आहे.

पर्याय

दुरुस्ती हा पर्याय लिफ्टच्या प्रश्नावर अडला. स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे सोसायटीनेच कर्ज काढून कंत्राटदार नेमून बांधण्याचा पर्याय सचिवांनी नीट मांडला. राज्य सरकारने १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने त्याला सवलती देऊ केल्या आहेत. नफा सोसायटीकडेच राहतो, म्हणून सभासदांना सर्वात जास्त क्षेत्र त्यातच मिळतं. पण कर्जाची जबाबदारी कोण घेणार, विक्रीच्या सदनिका खपल्या नाहीत तर हप्ते कोण भरणार, रोज साइटवर कोण उभं राहणार? ज्यांचं सरासरी वय सत्तर आहे अशा कार्यकारिणीने हे अंगावर घेऊ नये असा सल्ला आम्ही दिला. पन्नाशीतल्या, चार इंजिनिअर आणि एक वकील असलेल्या सोसायटीला आम्ही कदाचित उलट सांगितलं असतं.

उरला बिल्डर. निविदांतून शेवटी दोन प्रस्ताव टिकले.

पहिला मोठ्या विकसकाचा. २२ मजले, सुमारे १०५ सदनिका, जलतरण तलाव, व्यायामशाळा, क्लब हाऊस. जुन्या सभासदाला ६० टक्के जादा क्षेत्र, म्हणजे ६२५ चे थेट १,००० चौरस फूट. कॉर्पस, म्हणजे विकसकाने सभासदाला द्यायची एकरकमी रक्कम, प्रत्येकी २ लाख.

दुसरा कोथरूडमध्येच कामं केलेल्या मध्यम विकसकाचा. १४ मजले, सुमारे ७२ सदनिका, सुविधा बेताच्या. ४० टक्के जादा क्षेत्र, म्हणजे ८७५ चौरस फूट. कॉर्पस प्रत्येकी ३ लाख.

दोन्ही आकडे सभेत फळ्यावर लिहिले तेव्हा एकच आवाज आला, १,०००. कोथरूडमध्ये कार्पेटचा दर चौरस फुटाला बारा हजार धरला तरी १२५ चौरस फुटांचा फरक १५ लाखांचा होतो. न्यू जर्सीहून ऑनलाइन आलेल्या एका सभासदाने तर हाच हिशेब स्क्रीनवर दाखवला आणि विचारलं, "पंधरा लाख सोडायचे कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. त्याला भावनेने उत्तर देऊन चाललं नसतं.

दुसरा निर्णय: १,००० चा आकडा येतो कुठून

पुढच्या सभेसाठी आम्ही एकच काम केलं. दोन्ही प्रस्ताव ज्या गृहीतकांवर उभे होते ती शोधून काढली.

जादा क्षेत्र हे बिल्डरच्या उदारपणातून येत नाही. ते विक्रीच्या क्षेत्रातून येतं आणि विक्रीचं क्षेत्र एफएसआयमधून. सभासदाला जितका जास्त टक्का, तितकं जास्त बांधकाम विकावं लागतं, आणि भूखंड तर तेवढाच, म्हणून ते वर जातं. टक्का ठरवला की मजले ठरले. मजले ठरले की लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, वाहनतळाचा प्रकार आणि या सगळ्याचा महिन्याचा खर्च ठरला. हा खर्च सभासद मरेपर्यंत भरणार, पण निविदेच्या कोणत्याच रकान्यात तो लिहिलेला नसतो.

पहिल्या प्रस्तावातले २२ मजले दोन गोष्टींवर अवलंबून होते. भूखंड मेट्रो स्थानकाच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात धरला जाणं, आणि समोरचा रस्ता रुंद धरला जाणं. आम्ही मोजणीदाराकडून अंतर मोजून घेतलं. भूखंड पट्ट्याच्या ऐन काठावर येत होता, काही भाग आत, काही बाहेर. रस्ता विकास आराखड्यात १२ मीटर दाखवलेला, जागेवर मात्र जेमतेम ९ मीटर. समोरच्या बंगल्यांच्या भिंती जुन्या जागी, एका बाजूला विजेची डीपी, दुसरीकडे कायमच्या उभ्या गाड्या. आराखड्यातल्या रुंदीवर कदाचित परवानगी मिळालीही असती. पण आग लागली तर अग्निशमन दलाची गाडी त्या ९ मीटरमधूनच येणार होती.

मग आम्ही देकारपत्र पुन्हा वाचलं. शेवटच्या पानावर एक ओळ होती: अंतिम क्षेत्र हे प्राधिकरणाच्या मंजुरीच्या अधीन राहील आणि एफएसआय कमी मिळाल्यास त्या प्रमाणात बदलेल. म्हणजे १,००० हा शब्द विकसकाने दिलेलाच नव्हता. मजले कमी झाले असते तर सभासदांचं क्षेत्रही कमी झालं असतं, आणि तोवर सगळे घरं सोडून भाड्याने राहत असते. दुसऱ्या विकसकाचे ८७५ हे ९ मीटर रस्त्यावर मिळणाऱ्या २.० एफएसआयवर आणि ६० टक्के अनुषंगिकवर बसत होते. त्यासाठी कोणत्याही वेगळ्या मंजुरीची वाट पाहायची नव्हती.

महिन्याच्या खर्चाचा अंदाजही आम्ही दोन्ही इमारतींचा काढला. कोणीतरी म्हणालं, घरं जास्त असली की वाटणी स्वस्त पडते. पहारेकरी आणि सफाईच्या बाबतीत हे खरं आहे. पण इमारत २४ मीटरच्या वर जाते तेव्हा आश्रयासाठी मोकळे भाग सोडावे लागतात, अग्निशमनाची लिफ्ट, मोठे पंप, जनरेटर लागतात. २००६ च्या राज्याच्या अग्निप्रतिबंध कायद्याप्रमाणे दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे चौदा मजल्यांनाही लागतंच. बावीस मजल्यांना त्यावर जास्त वेगाच्या जादा लिफ्ट, जास्त थरांचं यांत्रिक पार्किंग, आणि तलाव व व्यायामशाळेचा कायमचा पगारी नोकरवर्ग. आमचा अंदाज बावीस मजल्यांसाठी दरमहा सुमारे ६,५०० रुपये आणि चौदा मजल्यांसाठी सुमारे ४,५०० होता. जुन्या इमारतीत सभासद ८०० रुपये भरत होते.

सभेत एक शांतता पसरली ती या आकड्यावर. निवृत्तिवेतन नसलेली सात घरं होती.

तिसरा निर्णय: पंचवीस चौरस फूट आणि तीन लाख

इथे सचिवांनी एक प्रश्न विचारला ज्याने चर्चेची दिशा बदलली. ८७५ मधले थोडे फूट कमी घेतले तर त्या बदल्यात कॉर्पस किती वाढेल?

हिशेब असा निघाला. प्रत्येकाने २५ चौरस फूट सोडले तर ३२ घरांचे मिळून ८०० चौरस फूट विकसकाला विकायला मिळतात. बारा हजारांच्या दराने ९६ लाख. ते ३२ घरांत वाटले तर प्रत्येकी ३ लाख. म्हणजे क्षेत्र ८५० आणि कॉर्पस ६ लाख. बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ४२,००० व्याज, महिन्याला ३,५००. साडेचार हजारांच्या देखभाल खर्चातले साडेतीन हजार व्याजातून सुटले आणि खिशातून हजार रुपये गेले, म्हणजे जवळपास पूर्वीइतकेच. बावीस मजल्यांच्या प्रस्तावात २ लाखांचं व्याज महिन्याला पावणेबाराशेच्या आसपास, आणि खिशातून पाच हजारांहून जास्त.

महागाई वाढेल, व्याजदर घटतील, हे आम्ही त्याच सभेत सांगितलं. कॉर्पस खर्च केला तर हा हिशेब संपला हेही सांगितलं. तरीही तळहातावर मांडता येईल असा आकडा लोकांसमोर आला. ज्यांना त्या घरात म्हातारपण काढायचं होतं त्यांना तो लगेच कळला. ज्यांना घर भाड्याने द्यायचं होतं त्यांना १,००० फूटच बरे वाटत होते, आणि त्यांच्या बाजूने ते चूक नव्हतं. देखभाल खर्च शेवटी भाडेकरूच्या खिशातून निघतो. दोघांचं हित खरोखर वेगळं होतं. ते झाकून "आपण सगळे एक कुटुंब" असं म्हणत राहिलं असतं तर सभा फिस्कटली असती. कार्यकारिणीने दोन्ही बाजू लेखी मांडून सगळ्यांना पाठवल्या.

४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे, म्हणजे सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या निर्देशांप्रमाणे, विकसक निवडीच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, निबंधकांचा प्रतिनिधी हवा, चित्रीकरण हवं, आणि एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांची संमती हवी. २७ सभासद हजर होते. १९ मतं चौदा मजल्यांना, ८ बावीसला.

तळमजल्यावरच्या आजी

मतदानानंतरही एका सभासदाची सही येत नव्हती. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करून विकायच्या. गिऱ्हाईक दारातच यायचं. वकिलांनी सांगितलं की बहुमताच्या निर्णयाला एखाददुसरा सभासद अडवू शकत नाही, मुंबई उच्च न्यायालयाने २००९ पासून हे अनेकदा स्पष्ट केलं आहे, नोटीस पाठवा.

अध्यक्षांनी नोटिशीवर सही करायला नकार दिला. "त्यांच्या हातचं मेतकूट माझ्या मुलांनी खाल्लंय. आधी विचारू तरी काय अडलंय ते." सचिव आणि अध्यक्ष दोघं घरी गेले. अडलं होतं ते सोपं होतं. नव्या इमारतीत सदनिकांची वाटणी सोडतीने होणार असं ठरलं होतं. आजींच्या शब्दांत, "दहाव्या मजल्यावर मेतकूट घ्यायला कोण येणार गं बाळा?"

कार्यकारिणीने सोडत रद्द केली आणि नियम ठरवला: जुन्या इमारतीत जो ज्या क्रमाने खाली, तो नव्या इमारतीतही त्याच क्रमाने खाली. वरच्या मजल्यावरच्यांना वरचे मजले हवेच होते, तिथे उजेड आणि वारा जास्त. एका सभेत हे मान्य झालं. आजींची सही त्याच आठवड्यात आली, तात्पुरतं घर चालत जाण्याच्या अंतरावर हवं एवढी एक अट घालून. न्यायालयात गेलं असतं तर काम महिनोन्‌महिने अडकलं असतं आणि शेवटी पोलिस बंदोबस्तात एका म्हातारीला घराबाहेर काढावं लागलं असतं. कायदा बाजूने आहे एवढ्यावर असं पाऊल उचलू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

करारनामा आणि घरं रिकामी करणं

विकसन करारनाम्यात तीन मुद्द्यांवर ओढाताण झाली.

बँक हमी. शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के हमी अपेक्षित आहे. विकसक म्हणाला, एवढी रक्कम अडकवून ठेवली तर बांधकामाला पैसा कुठून आणू? शेवटी पूर्ण हमी सुरुवातीला आणि स्लॅब पूर्ण होतील तशी टप्प्याटप्प्याने कमी, असं ठरलं. रेरामधल्या, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्यातल्या, ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याच्या तरतुदीकडे बोट दाखवून काही सभासद निर्धास्त होते. ती तरतूद विक्रीच्या सदनिकांच्या ग्राहकांकडून येणाऱ्या पैशांची आहे. जुन्या सभासदांचं मुख्य संरक्षण म्हणजे त्यांचा स्वतःचा करार आणि ही हमी, हे आम्हाला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

मुद्रांक शुल्क. प्रत्येक सभासदाच्या पर्यायी घराच्या करारावर पुन्हा शुल्क लागेल या भीतीने काही जण अडून बसले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की विकसन करारावर शुल्क भरलेलं असताना सभासदांच्या पर्यायी घराच्या करारांवर ते पुन्हा त्याच पद्धतीने आकारता येणार नाही. निकाल वेळेवर आला आणि हा मुद्दा मिटला.

घरं कधी सोडायची? याच मुद्द्यावर सोसायटी सर्वात ठाम राहिली. विकसकाचा आग्रह होता की नकाशा मंजुरीला गेलाच आहे, पाऊस सुरू होण्याआधी घरं रिकामी केली तर एक हंगाम वाचेल. कारण खरं होतं. पावसाळ्यात खोदाई अवघड जाते. तरी नकाशा मंजूर होऊन बांधकाम परवाना हातात येईपर्यंत आणि चोवीस महिन्यांच्या भाड्याचे धनादेश मिळेपर्यंत कोणीही किल्ली द्यायची नाही, असा ठराव झाला. पुण्यात अर्धवट पडून राहिलेल्या प्रकल्पांची जी उदाहरणं आम्हाला माहीत आहेत, त्यांतल्या बहुतेकांत लोक परवाना येण्याआधी बाहेर पडले होते. इमारत रिकामी झाली की सोसायटीच्या हातात काही उरत नाही.

परिणाम

ताबा चोवीसच्या ऐवजी बत्तीस महिन्यांनी मिळाला. उशिराची दोन कारणं. तळघराच्या खोदाईत काळा पाषाण अपेक्षेपेक्षा वर लागला, आणि स्फोट न करता तो फोडावा लागला कारण दोन्ही बाजूंना जुन्या इमारती. दुसरं, आवारातल्या झाडांची परवानगी. उशिराच्या आठ महिन्यांचं भाडं करारातल्या वाढीव दराने मिळालं. एकाही सभासदाला पदरचं भाडं भरावं लागलं नाही.

८५० चौरस फूट ठरले होते, ८५० मिळाले. मोजून घेतले. निवृत्त मुख्याध्यापक रोज संध्याकाळी खाली बाकावर येऊन बसतात. आजींचं घर पार्किंगच्या वरच्या पहिल्याच मजल्यावर आहे.

देखभाल खर्चाचा अंदाज चुकला, पण थोडा. पहिली बिलं ४,९०० च्या आसपास आली. यांत्रिक पार्किंगच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट आणि उन्हाळ्यातले टँकर यांमुळे. कॉर्पसमधली पूर्ण रक्कम सगळ्यांनी ठेवलेली नाही. काहींनी अंतर्गत सजावटीत घातली, एकाने नातीच्या शिक्षणाला दिली. त्यांना आता संपूर्ण बिल खिशातून भरावं लागतं.

नवे चाळीस आणि जुने बत्तीस यांच्यात पहिल्याच वार्षिक सभेत पार्किंगवरून खटका उडाला. कोणाला साधी जागा, कोणाला यांत्रिक, हे करारात जुन्या सभासदांपुरतं लिहिलं होतं, पण नव्या ग्राहकांच्या करारांशी ते कोणी ताडून पाहिलं नव्हतं. दोन जागा दोघांना दिलेल्या निघाल्या. हा वाद अजून मिटलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

निविदा मागवतानाच सोसायटीने स्वतःची गृहीतकं लिहून द्यायला हवी होती: रस्ता किती मीटरचा धरायचा, मेट्रोचा पट्टा धरायचा की नाही, किती मजल्यांपुढे जायचं नाही, देखभाल खर्चाचा अंदाज कोणत्या नमुन्यात द्यायचा. दोन प्रस्ताव वेगवेगळ्या एफएसआयवर असतील तर त्यांची तुलना करताच येत नाही, आणि सभेला मात्र ती टक्क्यांत झालेली दिसते. इथे ते नंतर उलगडलं. त्यात दोन सभा आणि बराच कडवटपणा खर्च झाला. बावीस मजल्यांना मत दिलेल्या त्या आठ सभासदांपैकी तिघं अजूनही अध्यक्षांशी बोलत नाहीत. मर्यादा आधीच कळली असती तर १,००० हा आकडा फळ्यावर आलाच नसता आणि तो हिरावून घेतल्याची भावनाही झाली नसती.

विक्रीच्या करारांचा मसुदा, निदान पार्किंगचा आणि देखभाल शुल्काचा भाग, सोसायटीच्या वकिलांना दाखवल्याशिवाय विकसकाने वापरायचा नाही अशी अट घालता आली असती. आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क प्रत्येक सदनिकेला समान असतं. काही नव्या मोठ्या घरांच्या करारात चौरस फुटांवर आकारणी लिहिली गेली. आता ते सरळ करायला सर्वसाधारण सभेत ठराव लागतो आहे.

उरला शेजाऱ्यांचा मुद्दा, आणि त्याचं दुःख आम्हाला जास्त आहे. ही धरून या गल्लीत अशाच नऊ जुन्या सोसायट्या आहेत. तळघर खोदताना महिनोन्‌महिने पाणी उपसून रस्त्यावर सोडलं गेलं, धूळ उडाली, मागच्या इमारतीच्या कुंपणाच्या भिंतीला तडे गेले. विकसकाने भिंत बांधून दिली, पण तक्रार आल्यावर. खोदाईआधी शेजारच्या इमारतींची छायाचित्रांसह पाहणी करून ती दोघांच्या सह्यांनी ठेवली असती तर भांडण झालं नसतं. खर्च अगदी किरकोळ आला असता.

त्याहून मोठं म्हणजे, बाकीच्या आठांपैकी चार सोसायट्या आता पुनर्विकासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या कुंपणाच्या आतलाच हिशेब करतो आहे. रस्त्याखालची ड्रेनेजची वाहिनी तीन मजली घरांच्या हिशेबाने टाकलेली आहे. पाण्याची जोडणीही तशीच. एक चौदा मजली इमारत ती सोसते आहे, उन्हाळ्यात टँकरच्या आधाराने. पाच झाल्या तर सोसणार नाही. नऊ सोसायट्यांनी मिळून रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर एकाच वेळी सोडला असता तर आराखड्यातला १२ मीटरचा रस्ता जागेवर उतरला असता, आणि त्या जागेचा मोबदला प्रत्येकाला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपाने मिळाला असता. या सोसायटीने आपल्या बाजूची पट्टी सोडली आहे. सध्या तिथे दुचाक्या उभ्या असतात.

मागच्या महिन्यात सचिवांनी बाकीच्या आठही सोसायट्यांच्या अध्यक्षांना एकत्र बोलावलं. सहा जण आले. रस्त्याची मोजणी आणि ड्रेनेजच्या क्षमतेची तपासणी सर्वांनी मिळून करून घ्यायची, खर्च सदनिकांच्या प्रमाणात वाटायचा आणि तो अहवाल लागेपर्यंत कोणीही निविदा उघडायची नाही, असं ठरलं आहे. दोन सोसायट्यांनी अजून होकार कळवलेला नाही.